युद्धात विमानं उडवली, पण सैनिक ठरल्या नाहीत! जॅकी कॉक्रन आणि ६५ वर्षं उशिरा आलेलं मेडल

गोंदियाजवळची बिरसीची धावपट्टी इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधली. आज तिथं मुलीही विमान चालवायला शिकतात. त्याच महायुद्धात अमेरिकेत हजारावर मुली लष्कराची विमानं उडवत होत्या. त्यांची प्रमुख होती जॅकलीन कॉक्रन.

जॅकीचा जन्म १९०६ चा, फ्लोरिडातला. घरी इतकी गरिबी की लहानपणीच सूतगिरणीत कामाला जावं लागलं. पुढं तिनं ब्युटी पार्लरमध्ये काम केलं, मग स्वतःचा कॉस्मेटिक्सचा धंदा उभा केला. १९३२ मध्ये अवघ्या तीन आठवड्यांत ती विमान चालवायला शिकली. १९३८ साली पुरुषांना मागं टाकून तिनं बेंडिक्स ही मानाची विमान शर्यत जिंकली.

युद्धात वैमानिक कमी पडू लागले आणि १९४३ मध्ये 'वास्प' ही महिला वैमानिकांची संघटना उभी राहिली. २५ हजारांवर मुलींनी अर्ज केले. प्रशिक्षण पूर्ण केलं १,०७४ जणींनी. कारखान्यातली नवी विमानं तळावर पोचवायची, दुरुस्त झालेली उडवून तपासायची, नेमबाजी शिकणाऱ्या जवानांसाठी विमानामागं कापडी निशाण ओढत न्यायचं, अशी त्यांची कामं. जवान गोळ्या मात्र खऱ्याच झाडायचे.

पण कागदोपत्री या सगळ्या नागरी कर्मचारी! ३८ जणी मेल्या, तरी लष्करी इतमाम नाही, शवपेटीवर राष्ट्रध्वज नाही. मृतदेह घरी पाठवायला मैत्रिणी वर्गणी काढायच्या.

मुलींना लष्करी दर्जा मिळावा म्हणून कॉक्रन झगडली. जून १९४४ मध्ये अमेरिकी संसदेत ते विधेयक पडलं आणि २० डिसेंबरला वास्प बंदच झाली. कॉक्रनला पदक मिळालं, मुली रिकाम्या हातानं घरी गेल्या. १९५३ मध्ये ध्वनीपेक्षा वेगानं उडणारी ती जगातली पहिली महिला ठरली, पण वास्पच्या फायली बंदच होत्या.

१९७६ मध्ये हवाई दलानं महिलांना वैमानिक म्हणून घेतलं, तेव्हा 'पहिल्या महिला लष्करी वैमानिक' असा गाजावाजा झाला. जुन्या वास्प भडकल्या. १९७७ मध्ये कायदा होऊन त्यांना माजी सैनिकांचा दर्जा मिळाला.

१९८० मध्ये कॉक्रन वारली. संसदेचं सुवर्णपदक वास्पना मिळालं थेट १० मार्च २०१० रोजी. तोवर जेमतेम तीनशे जणी हयात होत्या. सोन्याचं मूळ पदक स्मिथसोनियन संग्रहालयाला गेलं, त्यांच्या हाती आली त्याची ब्राँझची प्रत.