पं. विष्णु दिगंबर पलुस्कर : वास्तू गेली, संस्था राहिली

संस्था काढणे सोपे, चालविणे कठीण. परंतु आपल्यामागे ती चालेल अशी तजवीज करणे सर्वांत कठीण. सार्वजनिक कार्यात हात घातलेल्या आमच्या वाचकांस हे सांगावयास नको. म्हणूनच गायनाचार्य पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांचे चरित्र आम्ही येथे सादर करीत आहोत.

पंडितजींचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे झाला. बालपणी फटाक्याच्या अपघाताने दृष्टी अधू झाली, तेव्हा मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी त्यांनी गायनाची तालीम घेतली. गवयाला समाजात मान नाही, हे शल्य मनी धरून १८९६ साली त्यांनी मिरज सोडली. ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापिले. संस्थानिकांच्या मर्जीवर न विसंबता जलसे, वर्गण्या व देणग्या यांवर ते चालविले. १९०८ साली मुंबईस शाखा निघाली व पुढे तिची स्वतंत्र वास्तूही उभी राहिली.

पण ही वास्तू कर्जावर उभी होती, आणि ते फेडण्याचा भार मुख्यत्वे एकट्या पंडितजींच्या कमाईवर. कर्ज फिटेना. अखेर १९२४ च्या सुमारास वास्तूचा लिलाव झाला. दूरदृष्टीच्या या पुरुषाचा हिशेब येथे चुकला, हे नमूद करणे आम्हांस प्राप्त आहे.

मात्र त्यांची दुसरी योजना फळास आली. उपदेशक वर्गात निवडक शिष्यांस ते अन्नवस्त्र देऊन वर्षानुवर्षे शिकवीत. शिष्याने उत्तम गावे एवढेच नव्हे, तर उत्तम शिकवावे, हा त्यामागील हेतू. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस पंडितजी निवर्तले, तेव्हा चिरंजीव दत्तात्रेय अवघे दहा वर्षांचे होते. गादी रिकामी, तिजोरीही रिकामी. तरी त्याच वर्षी शिष्यांनी अहमदाबाद येथे एकत्र येऊन गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापिले. एका गुरूच्या जागी अनेकांचे मंडळ आले. १९३२ साली विनायकराव पटवर्धनांनी पुण्यास विद्यालय काढले, आणि गुरुपुत्र दत्तात्रेय पुढे त्यांच्यापाशीच शिकून नामांकित गायक झाले. वडिलांनी शिष्यांस दिलेले धन अशा रीतीने पुत्रास परत मिळाले. मंडळाच्या विशारद, अलंकार आदी परीक्षा आजही चालू आहेत.

आपल्या संस्थांसाठी निधी जमवावा, इमारतीही बांधाव्यात. परंतु पुढील कार्यकर्ता आजच तयार करावा, एवढाच बोध आम्ही या चरित्रातून घेतो.