मेजर जनरल स्मेडली बटलर यांची पदके

पराक्रमी पुरुषाच्या छातीवर पदक लावून राष्ट्र त्याचे ऋण मान्य करते. परंतु मिळालेले पदक आपल्या कृतीहून मोठे आहे असे वाटून ते परत धाडणारा वीर विरळाच. अमेरिकेच्या मरीन दलातील मेजर जनरल स्मेडली बटलर हे असे एक पुरुष होऊन गेले. आरमाराबरोबर जाऊन परमुलखाच्या किनाऱ्यावर उतरून लढणारे जे सैनिक, ते मरीन होत.

बटलर यांचा जन्म ३० जुलै १८८१ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातील वेस्ट चेस्टर येथे झाला. घराणे क्वेकर, म्हणजे युद्ध निषिद्ध मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाचे. तथापि १८९८ साली स्पेनशी युद्ध जुंपताच या सोळा वर्षांच्या मुलाने वय वाढवून सांगितले आणि मरीन दलात अधिकारपद मिळविले.

चीनमधील बॉक्सर बंडाच्या वेळी, १३ जुलै १९०० रोजी, तिएनत्सिन येथे जखमी सहकाऱ्यास आणण्यासाठी ते खंदकाबाहेर पडले व त्यांच्या मांडीत गोळी शिरली. मेडल ऑफ ऑनर हे सर्वोच्च पदक त्या काळी मरीन अधिकाऱ्यांस देण्याची तरतूद नव्हती. म्हणून त्यांस कॅप्टनचा मानद हुद्दा मिळाला. त्याबद्दलचे ब्रेव्हेट पदक हाती येण्यास १९२१ साल उजाडावे लागले.

याच्या अगदी उलट प्रकार मेक्सिकोत घडला. एप्रिल १९१४ मध्ये व्हेराक्रूझ बंदर घेतल्याबद्दल सरकारने पन्नासाहून अधिक जणांस सर्वोच्च पदक दिले. त्यांत बटलरही होते. आपण एवढे काही केले नाही असे मानून त्यांनी ते परत केले; परंतु ते ठेवावे व वापरावेही, अशी आज्ञा झाली. पुढे १७ नोव्हेंबर १९१५ रोजी हैती देशातील फोर्ट रिव्हिएर किल्ल्यात ते दोन सैनिकांच्या पाठोपाठ तटातील अरुंद भोकातून शिरले. त्या तिघांसही मेडल ऑफ ऑनर मिळाले. ते दोन वेगवेगळ्या प्रसंगी मिळविणारे मरीन दोनच, बटलर व डॅन डेली.

आम्हांस मात्र त्यांचा खरा मोठेपणा फ्रान्समध्ये दिसतो. १९१८ साली ब्रेस्टजवळील पाँतानेझाँ छावणीत हजारो सैनिक चिखलात खितपत होते. बटलर यांनी खंदकांत अंथरावयाच्या लाकडी फळ्या मिळविल्या, स्वतः खांद्यावर वाहिल्या आणि छावणी राहण्याजोगी केली. या सेवेबद्दल भूदल व नौदल या दोहोंनी त्यांस विशिष्ट सेवा पदके दिली. येथे एकही गोळी झाडावी लागली नव्हती!

१९३१ साली ते निवृत्त झाले. १९३५ साली त्यांनी 'वॉर इज अ रॅकेट' हे छोटे पुस्तक लिहून, युद्धात सैनिक मरतो व नफा धनिकांच्या पदरी पडतो, असे परखडपणे मांडले. आपण स्वतः लढलेल्या मोहिमांसही त्यांनी वगळले नाही. २१ जून १९४० रोजी फिलाडेल्फिया येथे त्यांचे देहावसान झाले.

पदक धैर्याची साक्ष देते. ते धैर्य कोणाच्या कामी आले, हे ते सांगत नाही. तो हिशेब बटलर यांनी स्वतःच मांडला. आम्हांस त्यांचे हे धैर्य रणांगणावरील धैर्याहून उणे वाटत नाही.