जॉन न्यूटन

जॉन न्यूटनचा जन्म १७२५ सालीं लंडन शहरीं झाला. मातोश्रीनें त्यास बाळपणींच पवित्र शास्त्राचे धडे दिले. परंतु तो सात वर्षांचाही झाला नव्हता तोंच ती निवर्तली. पुढें खलाशी होऊन तो देवास विसरला, इतकेंच नव्हे, तर इतरांच्या श्रद्धेचीही टवाळी करूं लागला.

१७४८ च्या मार्चमध्यें अटलांटिक महासागरांत त्याचें गलबत भयंकर वादळांत सांपडलें. जिवाच्या आकांतानें पाणी उपसतांना त्याच्या मुखांतून देवाच्या दयेची याचना निघाली. गलबत वांचलें, आणि न्यूटन प्रार्थना करूं लागला. तथापि गुलामांचा व्यापार त्यानें सोडिला नाहीं. पुढें कप्तान होऊन तो साखळदंडांनीं जखडलेल्या आफ्रिकी लोकांस विक्रीस नेई, आणि त्याच जहाजावर खलाशांसाठीं उपासनाही चालवी! १७५४ सालीं आजारामुळें त्याचा समुद्रप्रवास संपला.

१७६४ सालीं तो ओल्नी गांवीं पाळक झाला. १७८५ सालीं पार्लमेंटचा तरुण सभासद विल्बरफोर्स राजकारण सोडण्याच्या विचारानें त्याजकडे आला, तेव्हां तेथेंच राहून देवाची सेवा करण्याचा सल्ला त्यानें दिला. १७८८ सालीं पुस्तिका छापून न्यूटननें आपलें पातक जगापुढें कबूल केलें. १८०७ सालीं ब्रिटिश साम्राज्यांतील गुलामांचा व्यापार कायद्यानें बंद झाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत त्याचें देहावसान झालें.

विद्यार्थिमित्रहो, वादळांत देवास हांक मारण्यास एक क्षण पुरला; त्याच्या पाचारणास पूर्ण रुकार देण्यास चाळीस वर्षें लागलीं. परंतु उशीर झाला म्हणून न्यूटननें तोंड फिरविलें नाहीं.