जकुझींचा पंप आणि टबातले पाणी

लोणावळ्यापासून गोव्यापर्यंत सुट्टीसाठी भाड्याने मिळणाऱ्या बंगल्यांच्या जाहिरातींत ‘जकुझी’ हा शब्द हमखास दिसतो. हे एका कुटुंबाचे आडनाव आहे, हे मात्र फारसे कुणाला ठाऊक नसते. ज्यांच्यामुळे ते जगभर पोचले, त्या कँडिडो जकुझी यांनी चैनीची वस्तू बनवायला घेतली नव्हती. दुखऱ्या सांध्यांनी हैराण झालेल्या आपल्या मुलाला आराम मिळावा, एवढाच त्यांचा हेतू होता.

कँडिडो यांचा जन्म 1903 मध्ये इटलीच्या ईशान्येकडील फ्रिउली भागात झाला. सात भावांत ते सर्वांत धाकटे. कामधंद्याच्या शोधात हे भाऊ अमेरिकेत कॅलिफोर्नियाला गेले आणि 1915 मध्ये बर्कली येथे त्यांनी ‘जकुझी ब्रदर्स’ ही कंपनी सुरू केली. सुरुवातीला तिथे विमानाचे लाकडी पंखे तयार होत. पुढे भावांनी बंद केबिनचे प्रवासी विमानही बांधले. 1921 मध्ये ते विमान कोसळले आणि जिओकोंडो हा भाऊ त्यात दगावला. कुटुंबाने विमानांचा नाद सोडला आणि शेतीच्या विहिरींतून पाणी उपसणाऱ्या पंपांकडे मोर्चा वळवला. या पंपांनी त्यांना स्थैर्य दिले. पुढे कंपनीची सूत्रे कँडिडो यांच्याकडे आली.

त्यांचा मुलगा केनेथ 1941 मध्ये जन्मला. अगदी लहान वयातच त्याला संधिवाताने गाठले. हा म्हातारपणातला संधिवात नव्हे. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर हल्ला करते आणि ते सुजून आखडतात, असा हा आजार. त्या काळी त्यावर परिणामकारक औषधे फारशी नव्हती. रुग्णालयात कोमट, घुसळत्या पाण्यात बसवले की केनेथला बरे वाटे. पाण्यामुळे सांध्यांवरचा भार हलका होतो, उबेमुळे स्नायू सैलावतात आणि हालचाल सोपी होते. पण घरी परतल्यावर दुखणे पुन्हा डोके वर काढी.

पंप हा तर घरचाच धंदा. 1940च्या दशकाच्या अखेरीस कँडिडो यांनी घरातल्या अंघोळीच्या टबात ठेवता येईल असा छोटा पंप तयार करवून घेतला. टबातले पाणी ओढायचे, त्यात हवा मिसळायची आणि जोराच्या झोताने ते परत टबात सोडायचे, एवढेच त्याचे काम. केनेथला रुग्णालयातला उपचार आता घरीच मिळू लागला. 1956 मध्ये हा पंप ‘जे-300’ या नावाने वैद्यकीय साधन म्हणून बाजारात आला.

या पंपाच्या रचनेत पाणी शुद्ध करण्याची कोणतीही सोय नव्हती. तशी गरजही नव्हती. घरातला टब ताज्या पाण्याने भरायचा, अंघोळ झाली की रिकामा करायचा. एका माणसाचे पाणी दुसऱ्याच्या वाट्याला येत नव्हते.

1968 मध्ये कुटुंबाच्या पुढच्या पिढीतील रॉय जकुझी यांनी झोताच्या तोट्या टबाच्या भिंतीतच बसवल्या. त्यानंतर अनेकांना एकत्र बसता येईल असे मोठे टब आले. एवढे पाणी दर वेळी बदलणे परवडणारे नव्हते, म्हणून त्यांना पाणी तापवण्याची आणि गाळण्याची यंत्रणा जोडली गेली. 1979 मध्ये कुटुंबाने कंपनी विकली आणि 1986 मध्ये कँडिडो यांचे निधन झाले. तोवर उपचाराचे साधन चैनीचे झाले होते, आणि टबात आता तेच पाणी दिवसेंदिवस राहू लागले होते.

खरी अडचण इथेच सुरू होते. गाळणीत केस आणि कचरा अडकतो, जंतू मरत नाहीत. त्यासाठी क्लोरीन किंवा ब्रोमीन लागते. पण गरम पाण्यात क्लोरीन लवकर संपते, हवेचे बुडबुडे त्यात भर घालतात आणि थोड्याशा पाण्यात चार-पाच माणसे बसली की घाम व त्वचेवरचा मळ उरलेसुरले क्लोरीनही खाऊन टाकतात. तोट्यांमागच्या नळ्यांत जंतूंचा बुळबुळीत थर धरतो. लेजिओनेला हा जिवाणू 25 ते 45 अंश सेल्सिअस तापमानात फोफावतो, आणि टबातले पाणी नेमके याच टप्प्यात असते. झोतांमुळे उडणाऱ्या सूक्ष्म तुषारांतून तो श्वासावाटे फुप्फुसात जातो आणि गंभीर न्यूमोनिया होऊ शकतो.

1999 मध्ये नेदरलँड्समधील बोवेनकार्स्पेल येथील पुष्पप्रदर्शनात याचा भीषण प्रत्यय आला. तिथे विक्रीसाठी मांडलेला असा टब चालू ठेवला होता. त्यात कुणी अंघोळ करत नव्हते. लोक फक्त शेजारून जात होते. तरीही सुमारे 200 जण आजारी पडले आणि किमान 32 जणांचा मृत्यू झाला.

भाड्याच्या बंगल्यात दर दोन-तीन दिवसांनी नवी माणसे येतात, त्यामुळे तिथली जबाबदारी अधिक. अमेरिकेच्या ‘सीडीसी’ या आरोग्यसंस्थेच्या शिफारशीनुसार टबात मुक्त क्लोरीन किमान 3 पीपीएम (किंवा ब्रोमीन किमान 4 पीपीएम), पीएच 7.0 ते 7.8 आणि तापमान जास्तीत जास्त 40 अंश असावे. पीएच वाढला की क्लोरीन असूनही त्याची धार बोथट होते. म्हणून केअरटेकरने दोन्ही आकडे चाचणीपट्टीने रोज तपासून वहीत लिहावेत. पाहुणे गेल्यावर पाणी सोडून द्यावे, टब घासावा, गाळणी धुवावी आणि ताजे पाणी भरून क्लोरीनची मात्रा जुळल्यावरच नव्या पाहुण्यांना टब खुला करावा. क्लोरीनची पावडर आणि आम्ल कधीही एकत्र करू नये. विषारी वायू तयार होतो.

पाहुण्यांनीही टब आधी नीट पाहावा. पाणी गढूळ असेल किंवा कडा बुळबुळीत लागत असतील तर त्यात उतरू नये. क्लोरीनचा उग्र वास म्हणजे स्वच्छता, हा गैरसमज आहे. घाम आणि लघवीशी क्लोरीनचा संयोग झाला की तो वास येतो. म्हणजे जंतू मारणारे क्लोरीन खर्ची पडलेले असू शकते. चाचणीपट्ट्या स्वस्त असतात, सोबत नेता येतात. टबात उतरण्याआधी साबणाने अंघोळ करावी. पाच वर्षांखालील मुलांना टबात घेऊ नये, गर्भवतींनी डॉक्टरांना विचारावे. पन्नाशी ओलांडलेल्यांनी, धूम्रपान करणाऱ्यांनी आणि फुप्फुसाचा विकार किंवा कमी प्रतिकारशक्ती असलेल्यांनी विशेष जपावे.

टबात बसल्यानंतर काही दिवसांनी अंगावर खाजरे लाल पुरळ उठले, किंवा दोन आठवड्यांच्या आत ताप, खोकला, धाप सुरू झाली, तर डॉक्टरांना त्या टबाविषयी आवर्जून सांगावे. लेजिओनेलाची तपासणी वेगळी असते आणि त्यावर चालणारी प्रतिजैविकेही ठरावीक असतात. ही माहिती वेळेवर मिळाली तर योग्य उपचार लवकर सुरू होतात.