जॉर्ज वेस्टिंगहाउस : हवेवर भरवसा ठेवणारा इंजिनिअर

वलगावला रस्त्याकडेला ट्रेलर उभा राहिला की फुस्सकन हवा सुटते. त्या आवाजामागे जॉर्ज वेस्टिंगहाउसचं डोकं आहे.

जन्म १८४६, अमेरिका. वडिलांचं शेती-यंत्रांचं वर्कशॉप, त्यामुळे लहानपणापासून हात ऑइलनेच काळे. त्या काळी रेल्वेचे ब्रेकमन डब्यांच्या टपावरून पळत एकेका डब्याचा ब्रेक हाताने आवळायचे. कितीतरी जण खाली पडून मेले. जॉर्जने एका मासिकात आल्प्समधल्या बोगद्याबद्दल वाचलं. तिथे दाबलेल्या हवेवर ड्रिल चालायचं. हवा खडक फोडते, मग गाडी का नाही थांबवणार? १८६९ मध्ये, अवघ्या बावीसाव्या वर्षी, त्याने एअर ब्रेकचं पेटंट घेतलं.

पण पाइप फुटला की ब्रेक गेलाच! म्हणून १८७२ मध्ये त्याने गणितच उलटं केलं. प्रत्येक डब्याला स्वतंत्र टाकी दिली; पाइपमधला दाब उतरला की ब्रेक आपोआप लागणार. आज ट्रेलरचा सप्लाय होज निसटला तरी चाकं धरतात, ती याच तत्त्वावर.

१९०७ च्या मंदीत त्याच्या इलेक्ट्रिक कंपनीचा ताबा हातून गेला. १९१४ मध्ये तो वारला.

मला वाटतं, अर्धं काम त्याने आपल्यावर सोडलंय. टाकीतलं पाणी काढणं, जॉइंटला साबणपाणी लावून गळती बघणं, पुशरॉडचा स्ट्रोक मोजणं. स्ट्रोक वाढला, तर गेजवर दाब पूर्ण दिसतो आणि उतारावर ब्रेक मात्र धरत नाही. तिथे वेस्टिंगहाउस काय करणार?