फिरत्या पट्ट्याचा माणूस : योशिआकी शिराइशी

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, आपल्या लासलगावात कांद्याच्या काही खळ्यांवर सरकता पट्टा असतो, तो पाहिलाय ना? कांदा पुढे जातो, बाजूला उभ्या बाया चांगला-वाईट निवडतात. त्या पट्ट्यावर कांद्याऐवजी जेवणाच्या बशा आहेत असं समजा. जपानमध्ये हे ज्यांनी खरंच करून दाखवलं, ते योशिआकी शिराइशी.

शिराइशी शेतकरी घरातले, एहिमे भागातले. ओसाकाजवळ त्यांचं सुशीचं छोटंसं दुकान होतं. सुशी म्हणजे शिरका घातलेल्या भाताचा घास, त्यावर बहुतेक वेळा माशाचा काप. तेव्हा हा पदार्थ महागडा, साध्या माणसाला रोज न परवडणारा. शिराइशींचं गिऱ्हाईक मात्र आसपासच्या कारखान्यांतले कामगार. दुकान चाललं, पण वाढायला माणसं मिळेनात. माणसं वाढवावीत तर दर वाढणार, आणि दर वाढला तर कामगार कुठे जाणार?

उत्तर सापडलं असाही बिअरच्या कारखान्यात. तिथे पट्ट्यावरून बाटल्या सरकत होत्या. बघणारे हजारो असतील, पण यांना त्यात बशा दिसल्या!

वाटतं तितकं ते सोपं नव्हतं बरं का. जवळपास पाच वर्षं गेली. खरी अडचण वळणावर होती. सरळ जाणारा पट्टा कोपऱ्यावर वळवायचा कसा? मी चौथीच्या मुलांना पुठ्ठ्याचे चौकोनी तुकडे वळणावर सरकवायला दिले. कोपरे एकमेकांत अडकले. मग एका मुलीने ते चंद्रकोरीसारखे कापले आणि रांग सुरळीत वळली. शिराइशींच्या पट्ट्यावरच्या पट्ट्याही अशाच आकाराच्या झाल्या. वेग ठरला सेकंदाला ८ सेंटीमीटर. मुलांना गणित घाला : १० मीटर जायला किती वेळ? १२५ सेकंद, म्हणजे दोन मिनिटांहून थोडा जास्त.

१९५८ साली ओसाका भागात 'गेनरोकु' नावाचं हे फिरत्या सुशीचं पहिलं दुकान उघडलं. समोरून बशी आली, हवी ती उचलायची. शेवटी रिकाम्या बशा मोजून पैसे द्यायचे. सुरुवातीला सगळे पट्ट्याकडे तोंड करून बसत. एकट्याला ते छान, पण घरच्यांशी बोलणार कसं? म्हणून पुढे पट्ट्याला काटकोनात टेबलं आली, आणि पोराबाळांसह कुटुंबं येऊ लागली. १९७० च्या ओसाका जागतिक प्रदर्शनात ही कल्पना झळकली आणि दुकानं वाढत सुमारे २४० पर्यंत गेली.

१९६२ मध्ये मिळालेला त्यांचा हक्क १९७८ मध्ये संपला. मग इतर कंपन्या उतरल्या आणि त्यांच्याहून मोठ्या झाल्या. पुढे त्यांनी यंत्रमानवाकडून वाढायचाही प्रयोग केला, तो चालला नाही. २००१ मध्ये ८७ व्या वर्षी शिराइशी गेले. तोवर लंडनपासून न्यूयॉर्कपर्यंत लोक पट्ट्यावरची बशी उचलून जेवत होते.