दगडांना बोलते करणारा पंडित : थिओडोर मॉमसेन

रोमचा इतिहास म्हटला की सीझर आणि ऑगस्टस ही नावे ओठांवर येतात. पण त्या साम्राज्यात शिपाई होते, व्यापारी होते, दास्यातून सुटलेली माणसे होती. त्यांची चरित्रे कोणी लिहिली नाहीत. त्यांची नावे उरली ती थडग्यांवरील आणि वेशींवरील दगडांवर. हे दगड इतिहासाच्या पानांत आणण्यासाठी ज्यांनी उभे आयुष्य वेचले, ते जर्मन पंडित म्हणजे थिओडोर मॉमसेन.

१८१७ साली श्लेस्विगमधील गार्डिंग या लहानशा गावी एका धर्मोपदेशकाच्या घरी त्यांचा जन्म झाला. कील विद्यापीठात त्यांनी कायद्याचा अभ्यास केला. पुढे डॅनिश सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि १८४४ साली ते इटलीच्या प्रवासाला निघाले. सान मारीनो येथील वृद्ध विद्वान बोर्गेसी यांच्याकडून त्यांनी कोरीव लेखांच्या अभ्यासाचे धडे घेतले.

त्या काळी लॅटिन लेख शेकडो पुस्तकांत विखुरलेले होते. एकाने केलेली नक्कल दुसरा उतरवी, त्याची तिसरा. चूक मात्र वाढत जाई. शिवाय सोळाव्या शतकातील पिर्रो लिगोरिओसारख्यांनी रचलेले बनावट लेखही त्यांत मिसळले होते. छापील पुस्तकांतूनच लेख वेचून संग्रह करावा, असा एक विचार बर्लिनच्या अकादमीत चालू होता. मॉमसेन यांनी १८४७ साली वेगळी योजना मांडली. मूळ दगड शोधावा, स्वतः वाचावा. तो नष्ट झाला असेल तर जुन्या नकला ताडून पाहाव्यात. हे काम खर्चाचे आणि दीर्घ काळाचे होते. अकादमी कचरली. तेव्हा मॉमसेन यांनी नेपल्सच्या राज्यातील लेखांचा संग्रह १८५२ साली प्रसिद्ध करून आपली पद्धत सिद्ध केली. पुढच्याच वर्षी सारे काम त्यांच्याकडे सोपविण्यात आले.

दरम्यान १८४८च्या क्रांतीत उदारमतवाद्यांची बाजू घेतल्याने लाइप्झिगचे प्राध्यापकपद त्यांना १८५१ मध्ये गमवावे लागले होते. झुरिक आणि ब्रेस्लाऊ येथे शिकवीत असतानाच त्यांनी 'रोमचा इतिहास' लिहिला. त्याचे तीन खंड १८५४ ते १८५६ या काळात निघाले आणि लेखकाची कीर्ती युरोपभर पसरली. वाचक सम्राटांच्या चौथ्या खंडाची वाट पाहत राहिले. तो कधीच आला नाही. प्रांतांविषयीचा पाचवा खंड तेवढा १८८५ साली आला. त्याचा पाया कोरीव लेखांचाच होता.

'कॉर्पस इन्स्क्रिप्शनम लॅटिनारम' या संग्रहाचा पहिला खंड १८६३ साली निघाला. लेखांची मांडणी मुख्यतः प्रदेशवार होती. बनावट लेख फेकून न देता, क्रमांकाशी तारका घालून ते वेगळे छापले, म्हणजे पुढच्या अभ्यासकाची फसगत होऊ नये. १८८० साली घराला आग लागून मॉमसेन यांचा ग्रंथसंग्रह आणि इतर ग्रंथालयांतून आणलेली मौल्यवान हस्तलिखितेही जळाली. तरीही त्यांतल्याच एका कामाचा, जॉर्डेनीसच्या इतिहासाचा, संपादित ग्रंथ त्यांनी १८८२ साली प्रसिद्ध केला. पुस्तकांत बुडूनही ते समाजापासून दूर गेले नाहीत. ज्यूंविरुद्ध विष पेरणाऱ्या सहकारी प्राध्यापकाला त्यांनी जाहीर उत्तर दिले आणि बिस्मार्कच्या धोरणावर टीका केल्याबद्दल खटल्यालाही तोंड दिले.

१९०२ साली त्यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते प्रामुख्याने त्या अपुऱ्या इतिहासासाठी. पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांचा 'कॉर्पस' मात्र पुढे चालूच राहिला. त्यात आज सुमारे १,८०,००० लेख आहेत. आपल्याकडील 'कॉर्पस इन्स्क्रिप्शनम इंडिकारम' या मालेचे नावही त्याच वळणाचे. नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी कलचुरी, वाकाटक आणि शिलाहार यांचे लेख याच मालेत संपादित केले.

चौथा खंड लिहिला असता तर मॉमसेन यांची कीर्ती आणखी वाढली असती. त्यांनी त्याऐवजी इतरांना इतिहास लिहिता यावा यासाठी साधने शुद्ध करून ठेवली. संदर्भग्रंथाचे पान उलटताना एवढे स्मरण ठेवले तरी पुष्कळ झाले.